वरूडचा आस्कंद

गृहिणी निवर्तल्यावर आमची झोंप हरपली. तेव्हां हवापालटासाठीं आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या वरुडास भाच्याकडे गेलों. संत्र्यांच्या बागांनीं हें गांव विख्यात. परंतु आमचें लक्ष वेधलें तें बांधावरच्या आस्कंदानें. हीच संस्कृतांतील अश्वगंधा. तिच्या लॅटिन नामांतील 'सोम्निफेरा' या पदाचा अर्थही निद्रा आणणारी असाच. चरकसंहितेंत मात्र निद्राजनक पदार्थांत अग्रस्थान म्हशीच्या दुधास दिलें आहे! वैद्यांच्या सल्ल्यानें आम्ही मुळीचें चूर्ण त्याच दुधांतून रोज रात्रीं घेतलें. सल्ल्यावांचून तें कोणीं घेऊं नये. यकृताचा वा थायरॉईड ग्रंथीचा विकार असणाऱ्यांनीं तर विशेष जपावें. पंधरवड्यानें झोंप लागूं लागली. गुण मुळीचा, दुधाचा, कीं पेला हातीं देऊन उशाशीं बसणाऱ्या भाच्याच्या चिमुरडीचा, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.