रंग की गिलावा?

'घरामागे स्विमिंग पूल आहे' म्हटलं की पुण्यातल्या मित्रांना वाटतं, हा फार मोठा झाला. प्रत्यक्षात फिनिक्सच्या आसपास जुन्या घरांच्या परसात पूल असणं म्हणजे आपल्याकडे वाड्यामागे विहीर असण्यासारखं. असतेच, आणि गाळ आपल्यालाच काढावा लागतो.

आमचं घर १९८६ सालचं. पूल साधारण १५,००० गॅलनचा, म्हणजे जवळजवळ ५७,००० लिटर. तळ इतका खरखरीत झालेला की लेकीच्या तळपायांना ओरखडे यायचे. पर्याय दोन: इपॉक्सी रंग किंवा नवीन गिलावा.

रंग स्वस्त. अ‍ॅसिडने घासा, धुवा, नीट वाळवा, दोन हात मारा, आठवडाभर सुकू द्या आणि पाणी भरा. चांगला लागला तर सात-आठ वर्षं जातो. गिलावा म्हणजे पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी. खर्च कितीतरी पट, पण पाणी सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं बघायला नको. शिवाय एकदा रंग मारला की पुढे गिलावा करताना तो सगळा खरवडून काढावा लागतो, नाहीतर गिलावा धरत नाही.

बायको म्हणाली, "पंधरा वर्षं कोण राहणार आहे इथे?"

एच-वनवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. ग्रीन कार्डची रांग हलत नाही, आणि नोकरी गेली तर दुसरी शोधायला जेमतेम ६० दिवस. त्यामुळे साधा सोफा घेतानाही 'विकला जाईल ना?' हे आधी. या हिशोबाने रंगच बरा. मी दुकानात जाऊन डब्यांच्या किमतीसुद्धा बघून आलो होतो.

नोव्हेंबरात पूल रिकामा केला. (इथल्या उन्हाळ्यात करायचा नाही, कोरडा गिलावा तापून तडकतो. आणि पाणी रस्त्यावर नाही, सांडपाण्याच्या नळीत सोडायचं.) त्याच वेळी बाबा आले होते. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. पँट दुमडून सरळ पुलात उतरले आणि हातोडीच्या दांड्याने भिंती ठोकायला लागले.

"बाबा, काय करताय?"

"अरे, माठ घेताना वाजवून घेतो ना आपण? तेच."

टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की गिलावा खालच्या काँक्रीटपासून सुटलेला. तिथे खडूने गोल. संध्याकाळपर्यंत अर्धा पूल गोलांनी भरला.

रंग धरतो तो त्याच्या खालच्या थराला. तो थरच सुटत असेल तर रंग त्याच्यासकट निघणार, डब्यावर कितीही वर्षं लिहिलेली असोत. मी तरी व्हिसाचं पुराण लावलंच. बाबा म्हणाले, "तू किती वर्षं राहणार हे त्या भिंतीला काय करायचंय? पोकळ ते पोकळ."

झालं! गिलावा ठरला आणि यंदाची पुण्याची तिकिटं रद्द झाली. बायको दोन दिवस गप्प होती. तिच्या आईला भेटून तीन वर्षं झाली होती, त्यामुळे हा खर्च नुसता डॉलरमधला नव्हता.

कामगारांनी जुना गिलावा फोडून काढला, नवा एका सकाळीच थापला, आणि मग लगेच पाणी! मधे थांबलं तर त्या रेषेवर कायमची खूण राहते, म्हणून बागेचा पाइप सलग २७ तास चालू. मला हे विचित्र वाटलं, बाबांना अजिबात नाही. आपल्याकडे स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, तसंच हे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याने होतं.

आता काही आठवडे रोज ब्रशने भिंती घासायच्या आणि पीएच मोजायचा, कारण नवा गिलावा तो सतत वर ढकलतो. तर मंडळी, जुना पूल असो वा जुनी भिंत, रंगाचा डबा आणण्याआधी एकदा ठोकून बघा. फुकट आहे.

आजचा पीएच ७.९ आलाय. अ‍ॅसिड घालायला हवं. पळतो :-)