टिप्यासाठी स्थळ

"कोणत्या जातीचा?" घरात कुत्रा आहे असे सांगितले की पहिला प्रश्न येतो तो हा. टिप्याच्या बाबतीत या प्रश्नाला धड उत्तर नव्हते. आई पांढरी, झुबकेदार शेपटीची. वडील गल्लीतले, त्यांची दप्तरी नोंद नाही. वजन सात किलो, एक कान उभा, दुसरा पडलेला आणि त्या पडलेल्या कानावर काळा टिपका, एवढेच त्याचे कुलवृत्त.

टिप्या आमच्या वरच्या मजल्यावरील आजींचा. दिल्लीत शिक्षिकेची नोकरी करून त्या निवृत्त झालेल्या. गेल्या हिवाळ्यात पडण्याचे निमित्त झाले, एकटे राहणे अशक्य झाले आणि नागपूरला लेकीकडे जाण्याचे ठरले. नातवाला दमा, कुत्रा जवळ आला की त्याचा श्वास कोंडे. "अगं, माझ्या टिप्याला एखादे घर पाहशील का?" आजींनी विचारले. आमच्या दाराला सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत कुलूप असते. तेव्हा त्याला आम्हीच ठेवून घेण्याचा मार्ग नव्हता. मी होकार दिला.

इतका लाघवी प्राणी कोणीही आनंदाने नेईल, असे शेजाऱ्यांचे मत पडले. अडचण नेमकी तेथेच होती. टिप्या कोणाच्याही मांडीवर डोके ठेवी, कोणाच्याही मागे जिना उतरे. संशयी कुत्रा आपले रक्षण आपणच करतो. ज्याची सर्वांवर माया, त्याच्या वतीने चौकशी माणसालाच करावी लागते.

मग मुलीला स्थळ पाहावे तसे आम्ही पाहू लागलो. एका दुकानदाराला गुदामावर बांधून ठेवण्यासाठी कुत्रा हवा होता. चोर आला तर टिप्याने त्याचेही स्वागत केले असते. एका गृहस्थांना मुलाच्या वाढदिवसाची भेट हवी होती. पण रोज फिरवून कोण आणणार, याचा विचार घरात झालेला नव्हता. एक दांपत्य जात ऐकताच चहा अर्धवट टाकून उठले. "मंडईजवळ सोडून द्या, जगेल कसातरी," असेही कोणी सुचवले. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणावाचून टाकून देणे हा आपल्या देशात १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण आजींना कायदा ठाऊक असण्याची गरज नव्हती. सोबत आलेल्या कुत्र्यावाचून स्वर्गाच्या रथात न चढणारा धर्मराज त्यांनी जन्मभर वर्गात शिकवला होता.

शेवटी एक निवृत्त कंपाउंडर आणि त्यांची पत्नी आली. त्यांनी जात विचारली नाही. तो कधी जेवतो, कशाला भितो, रात्री कोठे निजतो, हे विचारले. आजींनीही काही लपवले नाही: दिवाळीच्या फटाक्यांना भितो, पलंगाखाली शिरून थरथरतो, चपला पळवतो. दोघे आठवड्याने पुन्हा आले, तेव्हा टिप्याला त्यांची ओळख पटली होती. आम्हीही एकदा त्यांचे घर पाहून आलो. अंगणाला फाटक होते, पाण्याचे मातीचे भांडे आधीच आणून ठेवले होते.

निरोपाच्या दिवशी आजींनी एक पिशवी भरली. रेबीजची लस दरवर्षी टोचल्याची नोंद असलेले कार्ड, आठवडाभर पुरेल इतके नेहमीचे खाणे, आणि न धुतलेली जुनी गोधडी. "धुऊन देऊ का?" मी विचारले. "नको," त्या म्हणाल्या, "वास जाईल. कुत्र्याचे घर नाकात असते." फाटकापाशी टिप्याने एकदाच मागे वळून पाहिले. मग नव्या मालकिणीच्या पदराशी खेळत तो चालू लागला.

महिन्याने नागपूरहून आजींचा दूरध्वनी आला. "माझी आठवण काढतो का गं?" मी खरे ते सांगितले: पहिल्या दोन रात्री तो दाराशी बसून राहिला, तिसऱ्या रात्री गोधडीवर झोपला, आता तेथल्या काकांच्या चपला पळवतो.

आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चपला पळवतो ना? मग रुळला."