आंब्याचा वर्ग

माझा आंबा तालुकाभर गाजलेला. सातवीच्या पहिल्याच तासाला फळ्यावर आंबा काढायचा, शेजारी केळं. ३अ म्हणजे तीन आंबे, २क म्हणजे दोन केळी. आंब्यात केळी मिळवता येतात का रे? वर्ग हसायचा, बेरजा बरोबर यायच्या. प्रशिक्षणात इतर शिक्षकांनाही मी हेच करून दाखवलं आणि टाळ्या घेतल्या.

यंदा एका मुलीने तो आंबा नासवला. एका शिक्षकामागे ३० विद्यार्थी. विद्यार्थी व, शिक्षक श, समीकरण मांडा. तिने लिहिलं, ३०व = श. वर्गातली सगळ्यात हुशार पोर. म्हटलं, "शिक्षक १० धर." ३०० मुलं, हे तोंडी चटकन सांगितलं, वही मात्र सोडेना. "सर, तीस विद्यार्थी, एक शिक्षक. तसंच तर लिहिलंय!" तिच्या लेखी व म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या नव्हतीच, व म्हणजे विद्यार्थी. माझाच आंबा, गणवेश घालून बसलेला.

अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलंही इथेच घसरतात, हे वाचून थोडं बरं वाटलं. डी.एड.ला पियाजे घोकला होता: अकरा-बारानंतर मूल अमूर्त विचार करू लागतं. तेव्हापासून माझं कुठे अडलं की ‘अजून वय झालं नाही’ म्हणायची सोय. पण हीच मुलगी खो-खोत पंचाशी ‘समजा मी वळलेच नसते तर’ म्हणून भांडते. ‘समजा’ तिच्याकडे होतं. फळ्यावर मी तिला फळं दिली.

भास्कराचार्य पहिल्या अव्यक्ताला ‘यावत्तावत्’ म्हणतात, जितकं असेल तितकं. पुढच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. निळ्याला देठ नसतो.

नाक्यावरचा क्लासवाला ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदल’ एवढ्यावर मार्क काढून देतो. त्याला नावं ठेवण्यात माझी हयात गेली. निदान त्याने फळं तरी विकली नाहीत.

दिवाळीनंतर एक दिवस तिने आपणहून खोडलं आणि व = ३०श लिहिलं. कसं सुचलं? "काय माहीत सर, एकदम दिसलं." मधल्या काळात मी पाच युक्त्या करून पाहिल्या होत्या, त्यांतली एकही तिला आठवत नव्हती. मला ते लागलं.

गेल्या आठवड्यात साहेब तपासणीला आले, मागच्या बाकावर बसले. वर्ग पेंगत होता. हाताने आंबा कधी काढला कळलंच नाही, देठ-पानासकट. साहेब खूश.

"सर, आंब्यांची संख्या म्हणा," पहिल्या बाकावरून आवाज आला.