पाचवा पर्याय

तरुणपणी माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच. कुणाला आपल्या भांगाचा असतो, कुणाला आवाजाचा. मला माझ्या प्रश्नावलीचा होता. बेचाळीस प्रश्न, सुबक छपाई, प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन. हव्या त्या चौकोनात खूण केली की काम झाले! ही शिदोरी घेऊन मी नागपुराहून अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका गावी उतरलो. गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला. ही त्याआधीची, तो सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत होता तेव्हाची गोष्ट.

मुलूख तलावांचा. गोंड राजवटीत कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली नि तलाव सरकारजमा झाले. लोक मात्र अजून त्यांना मालगुजारी तलावच म्हणतात. त्यांतले मासे कमी का झाले, हा माझा विषय. चार दिवसांत ढीवरांची साठ घरे पालथी घातली. एका आजींनी तर प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "लिव ना बाबू, तुले जे वाटन थे," म्हणाल्या. मी लिहिले. बहुतेकांनी 'पाऊस कमी' या चौकोनाला मान डोलावली होती. संशोधन इतके सोपे असते तर लोक उगाच म्हातारे का होतात, असे मनाशी म्हणत मी बोचके बांधले.

नेमकी एस. टी. चुकली. वेळ जाईना म्हणून तलावाच्या पाळीवर गेलो, तर त्याच आजी जाळे सांधीत बसलेल्या. त्यांनी जाळ्याचे एक टोक माझ्या हाती दिले नि ताणून धरायला सांगितले. माझे बेचाळीसही प्रश्न संपले होते, म्हणून मी गप्प होतो. आणि मी गप्प आहे असे पाहून आजी बोलू लागल्या. पाण्याखाली पूर्वी कोणकोणती झाडे होती, कोणत्या झाडाच्या आडोशाने कोणता मासा अंडी घालतो, काठावरची बेशरम आत कशी सरकत आली नि ती झाडे कशी गेली. "घरच नाही राहलं, त मासा राहीन कुठं?"

माझ्या कागदावर चार कारणे होती: पाऊस कमी, गाळ, जास्त मासेमारी, माहीत नाही. पाचवे मलाच ठाऊक नव्हते, मग त्याला चौकोन कुठून असणार? साठ घरांनी माझेच अज्ञान मला परत केले होते, तेही शेकडेवारीसह! (पुढे कितीतरी वर्षांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढीवर स्त्रिया यांनी याच जाणतेपणाच्या आधारे बेशरम उपटून तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावल्या.)

मोजदाद वाईट, असे मी म्हणत नाही. घरे किती, मासळी किती, हे मोजूनच कळायचे. पण मोजायचे काय, हे आधी कुणाच्या तरी पाळीवर बसून ऐकावे लागते. त्याला विद्वान 'गुणात्मक संशोधन' म्हणतात. मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन गावकऱ्यांच्या वस्तीतच तंबू ठोकून राहिला, तो यासाठीच. मी एस. टी. सोडून दिली नि महिनाभर राहिलो. एक प्रश्न विचारायचा नि थांबायचे. आजींनी सांगितलेले त्यांच्या मुलाला, मग शेजारणीला विचारायचे. तिघांचे जुळले नाही की खूश व्हायचे, कारण खरी गंमत तिथेच असते. नवे काही कानी पडेनासे झाले की समजायचे, आता पुरे. आणि रात्री कंदिलाशी सारे टिपून ठेवायचे. एम. एन. श्रीनिवासांची टिपणे १९७० साली स्टॅनफर्डला आगीत जळाली, तेव्हा त्यांनी आठवणींवर विसंबून रामपुरावर पुस्तक लिहिले. आपली छाती तेवढी नाही.

एवढे शिकलो, पण एक शिकायचे राहिले. आजींनी बोलता बोलता, बंदी असताना रात्री जाळे टाकणाऱ्या दोघांची हकीकत सांगितली होती. मी ती अहवालात घातली. नाव कुणाचे लिहिले नाही. 'पाळीच्या टोकाच्या झोपडीतले भाऊ' एवढेच लिहिले. गावात पाळीच्या टोकाला झोपडी एकच होती. अहवाल फिरत फिरत गावी पोचला, भावांना दंड झाला, नि सांगणारी कोण हेही गाव समजून गेले.

मी पुन्हा गेलो तेव्हा आजींनी पाणी दिले, बसायला गोधडी टाकली. बोलल्या मात्र फक्त पावसापाण्याचे. मी चूक कबूल केली. "हो," म्हणाल्या, नि यंदा धान बरे आहे, असे सांगू लागल्या.

त्यानंतर तीन वर्षे दिवाळी झाली की मंडईच्या निमित्ताने मी तिथे जात राहिलो. बाहेर दंडारीची ढोलकी वाजे, आत आजी धानाचे सांगत. चौथ्या वर्षी तलावावरचे माझे लिखाण छापायला देण्याआधी त्यांच्यापुढे बसून सारे वाचून दाखवले. त्या भावांची हकीकत केव्हाच काढून टाकली होती. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. झोप लागली की काय, असे वाटले. तलावात देवधान पेरतात, असे एक वाक्य होते, तिथे त्यांनी हात वर केला.

"देवधान पेरत नसते बाबू. थो आपल्या मनानं येते. खोड."

मी खोडले.

"आता लिव," त्या म्हणाल्या, आणि गुडघे जवळ घेऊन सांगायला बसल्या.