बर्कची पत्र्याची मशीद

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे सिडनीला थोरल्याकडे गेलो होतो. तो तिथे शिकायला गेला आणि नोकरीला लागला. आता परत येणार नाही, हे त्याने फोनवर सांगितल्याला दीड वर्ष झाले. तेव्हापासून बाप-लेकांत सलाम आणि तब्येत, एवढेच बोलणे उरले होते. त्याला रजा मिळेना, म्हणून त्याने आम्हाला कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन दिली. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, बेसिन. वाहने तिथेही डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे हे निर्धास्त होते. कुठे जायचे ते मी ठरवले. बर्क! सिडनीपासून वायव्येला साडेसातशे किलोमीटरहून दूर, डार्लिंग नदीकाठचे छोटे गाव. तिथल्या कब्रस्तानात उंटवाल्यांची पत्र्याची मशीद आहे, असे वाचल्यापासून ते गाव माझ्या डोक्यात होते. वर्गात इतिहास शिकवते ना, असली खूळे असतात.

ब्लू माउंटन्सच्या घाटातच ढगांनी गाठले. डब्बो गाठेपर्यंत वायपर थांबला नाही. पुढे नॅरोमाइन, ट्रँजी ही गावे लागली आणि मी खिडकीला नाक लावून बसले. दोन्ही बाजूंना कापूस! आम्ही परभणीची माणसे, कापूस काय पहिल्यांदा पाहत होतो? पण इथे वेचणाऱ्या बाया नाहीत. यंत्र कापूस वेचते आणि पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उंचच्या उंच गठ्ठे शेतातच टाकून देते. त्या दिवशी यंत्रेही उभी होती. फुटलेला कापूस झाडावरच भिजत होता. "यांचंही वर्ष गेलं बघ," हे म्हणाले. मातीही आपल्यासारखीच काळी. चहासाठी उतरलो तर चपला दोन-दोन किलोच्या झाल्या.

समोरून तीन-तीन डबे जोडलेले ट्रक येत. एक ट्रक शेजारून गेला की पाण्याच्या फवाऱ्याने काच पांढरी होई आणि तेवढा वेळ आम्ही आंधळे. दोघेही मोठ्याने कलमा पढत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

निंगन गावात रस्ता संपला. म्हणजे होता, पण त्यावरून पाणी वाहत होते आणि 'रस्ता बंद'चा फलक लावला होता. कडेला खोली दाखवणारे पांढरे खांब. पाणी जेमतेम घोट्याएवढे दिसत होते. हे म्हणाले, "एवढ्यातून तर आपली रिक्षा जाते." मी चावी काढून पर्समध्ये टाकली. नंतर कळले की तिकडे मातीच्या रस्त्यावर तर फलक ओलांडून गाडी घातली की दंड होतो. ओल्या काळ्या मातीत चाकांच्या चाऱ्या पडतात, त्या वाळल्या की दगडासारख्या होतात आणि रस्ता सगळ्यांसाठीच खराब होतो. या गावाला पाण्याची थट्टा चालत नाही. एप्रिल १९९० मध्ये बोगन नदीला असा पूर आला की सगळे गाव हेलिकॉप्टरने हलवावे लागले. स्टेशनजवळ स्मारक म्हणून अजूनही एक हेलिकॉप्टर उभे आहे.

दोन रात्री आम्ही कॅरव्हॅन पार्कात अडकलो. व्हॅनची एक खिडकी गळत होती, गादीचा कोपरा ओला. मगरिब सव्वापाचलाच व्हायची आणि मग लांबच लांब रात्र. घरी भांडण झाले तर हे अंगणात जातात, मी स्वयंपाकघरात. इथे पलंगावरून हात लांबवला की शेगडी. जायचे कुठे?

दुसऱ्या रात्री मी मूगडाळीची खिचडी टाकली होती. हे अचानक म्हणाले, "माझ्या मय्यतीला तरी येईल का तो?"

मी पळी खाली ठेवली. खिचडी खाली लागली तोवर आम्ही बोललो, पहिल्यांदा नीट. मी सांगितले की त्याला जाऊ देताना कागदांवर सह्या आपणच केल्या होत्या. हे रडले. माझेही तेच झाले. जळकी खिचडी लोणच्याशी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले. पुढे दोनशे किलोमीटर सरळ रस्ता. माती काळीची लाल झाली, तळ्यासारख्या साचलेल्या पाण्याकाठी एमू उभे होते.

बर्कच्या कब्रस्तानात मशीद शोधावी लागत नाही. एवढीशी, आपल्याकडच्या शेतातल्या कोठ्यासारखी, पन्हाळी पत्र्याची. शेजारी उंटवाल्यांच्या कबरी. १८६० पासून ही माणसे उंटांबरोबर आणली गेली. सगळ्यांना 'अफगाण'च म्हणत, पण त्यांत पेशावर, बलुचिस्तान, सिंध, पंजाबचे कितीतरी होते, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातलेच. बर्कहून लोकर बोटीने जाई, नदी आटली की उंटांवर भिस्त. चिखलात मात्र उंटाचा पाय घसरतो, तेव्हा पावसात तेही आमच्यासारखेच अडकून पडत असणार. १९०१ च्या कायद्यानंतर घरच्या माणसांना इकडे आणणे जवळपास अशक्य झाले. मग मोटारी आल्या, उंटांचे काम गेले. कोणी परतले, कोणी इथेच राहिले.

याच कब्रस्तानात डॉक्टर फ्रेड हॉलोज यांचीही कबर आहे. आदिवासींच्या आणि गरीब देशांतल्या लोकांच्या डोळ्यांसाठी आयुष्य घालवलेला हा माणूस १९९३ मध्ये गेला. तिथेही थोडे थांबलो.

फातिहा पढून आम्ही व्हॅनच्या आडोशाला जोहर-असर कसर करून एकत्र अदा केली. मी फोनवर किबला पाहिला. पश्चिम, किंचित उत्तरेकडे. परभणीतही आपण जवळपास तिकडेच तोंड करतो. यांना दाखवले. हे बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले, मग कबरींकडे.

जानमाज घडी करताना यांनी स्वतःहून थोरल्याला फोन लावला. सलाम झाला, तब्येत झाली. मी वाट पाहत होते.

"तुझ्या खोलीपासून मशीद किती लांब आहे रे?"

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पत्र्यावर पुन्हा पावसाचे थेंब वाजू लागले होते. कांगारू रस्त्यावर यायच्या आत आम्हाला मुक्काम गाठायचा होता, पण फोन चालूच होता, आणि मी घाई केली नाही.