पावसाच्या नावावर

१६ एप्रिल २०२४ च्या पावसानं दुबईकरांची एक सोय करून ठेवली. पुढचे दोन महिने घरात, गाडीत, ऑफिसात काहीही बिघडलं तरी ते पावसाच्या नावावर टाकता येत होतं. पाऊसही तसाच होता म्हणा. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथं चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा कधी नव्हता. कोकणातला माणूस या आकड्याला हसेल. पण जिथं वर्षभरात शंभर मिलिमीटर पडायची मारामार, तिथं सगळे उतार आणि गटारं त्याच हिशेबानं बांधलेली असतात.

आमच्या हॉलच्या मागच्या कोपऱ्यातला तडाही मी पावसाच्याच नावावर टाकला. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरका छताकडे गेलेला. वर तीन मिलिमीटर, खाली केसाएवढा. त्याच कोपऱ्यात स्कर्टिंग आणि फरशी यांच्यात एक दिरहमचं नाणं उभं सरकेल एवढी फट.

गावाकडं आबांना व्हिडिओ कॉलवर तडा दाखवला. आमचं गाव मिरजेजवळ, काळ्या रानातलं. तिथली माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वरच्या भिंतींना तिच्या तालावर नाचावं लागतं. त्यामुळं ‘मुरूम लागेपर्यंत खणायचं, मगच पाया’ हे मी बाराखडीच्या आधी शिकले. आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “तिथं तर वाळू हाय न्हवं? वाळू काय फुगत न्हाई. मग पाणी कुठलं मुरतंय बघ.”

“आबा, पाऊस!” मी म्हटलं.

“पाऊस एक दिस पडला की गं,” ते म्हणाले. मी ऐकून सोडून दिलं.

पहिला कंत्राटदार शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून मिळाला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात लेझरचं यंत्र. दहा मिनिटांत त्याचं बघून झालं. “मॅडम, बारिश के बाद सबका यही हाल है.” सबंध घराखाली फोमचं इंजेक्शन, ३८ हजार दिरहम, सत्तर टक्के आगाऊ, दहा वर्षांची गॅरंटी. मी जवळजवळ हो म्हणणार होते. ह्यांनी मात्र त्याच्याकडं परवाना मागितला. ह्यांचा जन्म हिशेबाच्या कागदांत गेलाय. दुबईत धंद्याच्या परवान्यावर कोणकोणतं काम करता येईल ते छापलेलंच असतं. याच्या परवान्यावर रंग, प्लास्टर, टाइल, प्लंबिंग, एसी अशी यादी होती आणि वर ‘टेक्निकल सर्व्हिसेस’. घराच्या सांगाड्याला हात लावायला बांधकाम कंत्राटदाराचा परवाना लागतो. तो यादीत कुठंच नव्हता. ते दाखवल्यावर तो गोड हसला आणि म्हणाला, “परमिट लिया तो टाइम जाएगा मॅडम.”

दुसऱ्याचे कागद चोख होते. पण त्यानं मायक्रोपाइल, म्हणजे पायाखाली खोल रोवायचे बारीक खांब, सुचवले, ९५ हजार दिरहम. त्याचं यंत्र महिनाभर रिकामं उभं आहे, हेही त्यानंच बोलता बोलता सांगून टाकलं.

आता मूळ बिल्डरकडं का गेलो नाही, हे सगळे विचारतात. इथल्या १९८५ च्या नागरी कायद्यात तेव्हा ८८० वं कलम होतं. इमारतीच्या मजबुतीला धोका आणणाऱ्या दोषाला कंत्राटदार आणि आर्किटेक्ट दहा वर्षं जबाबदार. आमच्या घराचा ताबा दिला गेला २०१३ च्या सुरुवातीला. तडा गेला अकरा वर्षांनी. घरांनाही तारखा कळत असाव्यात.

शेवटी ह्यांच्या ऑफिसातल्या एकानं एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव दिलं. पन्नाशीचा मल्याळी माणूस. दुरुस्तीचं काम त्याचं नाही, फक्त तपासून अहवाल द्यायचे तीन हजार दिरहम. मला आधी ते पैसे वाया वाटले. दोघे तर फुकट बघून गेले होते! त्यानं तड्याकडं बघितलंही नाही. सोफ्यावर बसला आणि म्हणाला, “गेल्या वर्षभराची पाण्याची बिलं दाखवा.”

वीज-पाण्याची इथली सरकारी संस्था म्हणजे देवा. दर महिन्याला देवाचं बिल भरताना मराठी माणसाला अजून गंमत वाटते. त्या बिलावर तेव्हा पाणी गॅलनमध्ये मोजायचे. मागच्या ऑक्टोबरपर्यंत आमचे गॅलन नऊ हजारांच्या आसपास होते, मार्चमध्ये तेरा हजार. मधल्या काळात आम्ही ते आधी बागेच्या, मग सासूबाईंच्या मुक्कामाच्या नावावर टाकले होते. बिचाऱ्या सासूबाई! रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा फोटो काढला. पहाटे पाचला बघितलं तर आकडा पुढं सरकलेला.

लॉनला पाणी नेणारा पाइप नेमका त्या कोपऱ्याला लागून जात होता. म्हणजे पावसाच्या आधी सहा महिने तिथं पाणी मुरत होतं. पावसानं शेवटचा धक्का दिला इतकंच. इंजिनिअरनं समजावलं, सैल भरलेली वाळू कोरडी आहे तोवर मुकाट उभी राहते. पाणी लागलं की कण एकमेकांत बसतात, बारीक कण वाहून जातात आणि वरचं खाली येतं. शिवाय इथल्या जमिनीत आणि भूजलात क्षार भरपूर, ते काँक्रीटमधल्या सळईला खातात. त्यानं तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख घातली आणि बजावलं, “हे कुणालाही भरू देऊ नका.”

तिसरा कंत्राटदार त्याच्याच यादीतला, लाहोरकडचा. त्याच्या जुन्या दोन गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन केले. त्याचं कोटेशन चार पानी. खड्डा किती खोल, ग्राउट किती पोती, दर काय. सोसायटीची एनओसी आणि म्युनिसिपालिटीचं परमिट आणणं त्याच्याकडं. पैसे टप्प्याटप्प्यानं, दहा टक्के सहा महिने आमच्याकडं राखून. आणि शेवटची ओळ: तडा भरणे, काम संपल्यावर तीन महिन्यांनी. त्या ओळीवर मी सही करून टाकली, असं म्हटलं तरी चालेल.

काम जूनमध्ये निघालं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, म्हणून मजूर पहाटे साडेपाचलाच यायचे. दोघे पठाण, दोघे बिहारी. मी ताक दिलं तर पठाणांनी ‘लबन’ म्हणून दोन-दोन ग्लास रिचवले. दुसऱ्या दिवशी दीड मीटरवर फुटिंगची, म्हणजे पायाची, कड लागली. तिच्याखाली फोरमननं हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. तिथं वाळू उरलीच नव्हती. शेजारी पाइपचा एक जोड, त्यातून नुसती ओल झिरपत होती, धारसुद्धा नाही. एवढ्याशा ओलीनं घर वाकवलं, हे मला आजही पटत नाही.

इंजिनिअर खड्ड्यात उतरला. फुटिंगवरचा डांबराचा काळा थर शाबूत होता. हातोडी मारल्यावर काँक्रीट खणखणीत वाजलं. गंज नाही, म्हणजे पाइल्स नकोत. ९५ हजार तिथंच वाचले.

मग पाइप बदलला, पोकळीत कमी दाबानं थोडं थोडं सिमेंट ग्राउट सोडलं आणि खड्डा थराथरानं भरत आणला. प्रत्येक थर यंत्रानं धुमसायचा, बाहेरच्या लॅबच्या माणसानं घनता मोजायची, ९५ टक्के भरली तरच पुढचा थर. तिसरा थर ९१ भरला. दुपार व्हायला आली होती, अंगाची लाही होत होती. आता हा वाद घालणार, म्हणून मी दारातच उभी राहिले. कंत्राटदारानं लॅबवाल्याच्या कागदाकडं एकदा बघितलं आणि मजुरांना म्हणाला, “निकालो.” सगळा थर उपसला, पाणी शिंपडून पुन्हा भरला. मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

सगळं मिळून २४ हजारांत झालं, इंजिनिअरची फी वेगळी. ऑक्टोबरमध्ये कंत्राटदार सांगितल्याप्रमाणं आला. पेन्सिलच्या रेघांच्या पुढं तडा केसभरही गेला नव्हता. तेव्हा कुठं त्यानं तो भरला.

जानेवारीत राखून ठेवलेल्या दहा टक्क्यांसाठी त्याचा फोन आला. तो घरी आला तेव्हा मी चेक लिहून टेबलावर ठेवला होता. त्यानं आधी कोपऱ्यातल्या फरशा बोटांच्या पेरांनी वाजवून बघितल्या, भिंतीवरून हात फिरवला. मग चेककडं न बघता म्हणाला, “मॅडम, पहले पानी का बिल दिखाओ.”