पंखा कुणाचा?

परवा ऑफिसातल्या एका ज्युनिअरने नवीन पीसी बांधला. वॉटर कूलिंग, सहा पंखे, प्रत्येक पंख्यात रंगीत दिवे. लग्नाचा मांडव बरा! फोटो दाखवता दाखवता त्याने विचारलं, "सर, तुम्ही कधी ओव्हरक्लॉकिंग केलंय का?"

केलंय की. पण ती गोष्ट सांगायची तर आधी दौंडला जावं लागेल, आणि मध्येच एकदा शिरूरला.

साल २००५. बाबा रेल्वेत, त्यामुळे घर म्हणजे दौंडचं रेल्वे क्वार्टर. मी पुण्यात इंजिनिअरिंगला. मे महिन्याच्या सुट्टीत होस्टेलवरचा असेंबल्ड पीसी घरी घेऊन आलो होतो. आत एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+. तेव्हाच्या पोरांसाठी हा प्रोसेसर म्हणजे लॉटरीचं तिकीट! मूळ वेग १.८३ गिगाहर्ट्झ, म्हणजे १६६ मेगाहर्ट्झची बस गुणिले ११. बायोसमध्ये शिरून १६६चे २०० केले की झाले २.२ गिगाहर्ट्झ, आणि मशीन स्वतःची ओळख थेट ३२००+ अशी करून द्यायचं. महागड्या मॉडेलचा वेग, फुकटात!

फुकट काही नसतं हे बाकी उशिरा कळतं. मशीन मध्येच कोसळू नये म्हणून मी व्होल्टेज १.६५ वरून १.७५ केलं होतं. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या चक्क वर्गाच्या प्रमाणात. हिशेब करून बघा: वेग वाढला २० टक्के, उष्णता ३५ टक्के. होस्टेलवर थंडीत हे खपून गेलं. दौंडच्या मे महिन्यात कसं खपणार? पंखा आणि हीटसिंक काही केलं तरी प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाहीत. खोलीत २५ अंश असताना तो ५५ दाखवत असेल, तर खोली ४०ला गेल्यावर ७० दाखवणार. साधी बेरीज आहे.

दुपारी दोन वाजले की मशीन हँग. मग मी कॅबिनेटचं झाकण काढलं, आजीच्या खाटेशेजारचा टेबल फॅन उचलला आणि कॅबिनेटच्या तोंडाशी लावला. आजी काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही.

चार दिवस बरे गेले. मग पुन्हा हँग. त्याच सुमारास कामानिमित्त शिरूरला मामाकडे जाणं झालं. मामाचं पुणे-नगर रस्त्यावर ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचं दुकान. मी त्याला माझी अडचण अगदी टेक्निकल शब्दांत समजावली. तो शांतपणे एका रेडिएटरच्या जाळीतून चिखल काढत होता. म्हणाला, "जाळ्या साफ आहेत का तुझ्या? उघड्या इंजिनावर पंखा मारलास म्हणजे धूळच भरवलीस आत." आणि मग म्हणाला, "आणि एक सांगू का भाच्या, पंखा गरमी मारत नसतो. इथली उचलून तिथं टाकतो."

पहिलं वाक्य मी वहीत लिहिल्यासारखं लक्षात ठेवलं. दुसरं सोडून दिलं.

घरी आल्यावर हीटसिंक उतरवला. पात्यांच्या मध्ये धुळीची अक्षरशः गादी! बाबांच्या दाढीच्या जुन्या ब्रशने ती साफ केली. वाळलेली पेस्ट पुसून तपकीर गल्लीतून आणलेली नवी पेस्ट लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. दुपारी बघतो तर ७० वरून थेट ६१! मी घरभर सांगत सुटलो. आजीलासुद्धा सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाबा."

दुसऱ्या दिवशी ६१. तिसऱ्या दिवशी ६६.

काही सुचेना. पेस्ट तीच, पंखा तोच. कुठे काय बदललं? खोलीभर नजर फिरवली तेव्हा खिडकी दिसली. कोरडी. आदल्या दोन दिवशी तिथे आजोबांचा जुना पंचा ओला करून टांगलेला होता. मी त्याच्याखालूनच ये-जा केली होती, बघितलं मात्र नव्हतं. आज आईने तो धुवायला नेला होता.

"आजी, पंचा तू लावलास?"

"मग काय करू? पंखा तू नेलास. मला बी ऊन लागतंय की रं."

नंतर कागदावर मांडून पाहिलं. सीआरटी मॉनिटर धरून माझा पीसी साधारण २०० वॉट खात असेल. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. स्वस्थ बसलेलं माणूस सुमारे १०० वॉट उष्णता टाकतं. म्हणजे आजीच्या खोलीत मी दिवसभर दोन अदृश्य पाहुणे आणून बसवले होते, आणि वर तिचा पंखाही त्यांनाच दिला होता. उलट एक लिटर पाणी वाळताना जवळजवळ २४०० किलोज्यूल उष्णता शोषतं. माझ्या मशीनने तासाभरात ओतलेली उष्णता पंचावरचं ३०० मिली पाणी गिळत होतं. हवा कोरडी होती म्हणून जमलं. मुंबईत नसतं जमलं. माझ्या शाबासकीतला निम्मा वाटा पेस्टचा नव्हताच.

त्या संध्याकाळी बस पुन्हा १६६वर आणली, व्होल्टेज १.६५वर, आणि पंखा खाटेशेजारी. गेम थोडे अडखळले. जग काही बुडालं नाही :)

असो. ज्युनिअरला विचारलं, "एवढी गरम हवा बाहेर पडते, ती जाते कुठे?"

"रूममध्येच, सर."

"रूममध्ये अजून कोण असतं?"

तो जरा थांबला. "सध्या आई आलीय गावाहून. तिला एसी चालत नाही."

मग त्याला सांगितलं, आजकालचे प्रोसेसर मुळात स्वतःच स्वतःला ताणत असतात. बायोसमध्ये पॉवर लिमिट थोडी खाली आण. शेवटच्या थोड्याशा वेगासाठीच सगळ्यात जास्त उष्णता मोजावी लागते. आणि पंख्यांची ऑर्डर देण्याआधी घरी एकदा विचार, कुणाला लागतोय का.